दुसरा डोस

१

बाटलीवर नाव औषधाचं होतं आणि आत होतं मिठाचं पाणी.

"एका नव्हे, तीन बाटल्यांत," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "आणि ते पाणी मी माझ्या हाताने पेशंटच्या ओठात टोचलं. औषध समजून."

केबिनमध्ये सगळं पांढरंशुभ्र होतं. भिंती, खुर्च्या, पडदे, अगदी घड्याळाची तबकडीसुद्धा. समोर बसलेली बाई तेवढी त्या खोलीत शोभत नव्हती. मांडीवर जाडीभरडी चॉकलेटी पिशवी घेऊन ती अशी बसली होती, की भाजी आणायला निघाली आणि वाटेत डोकावली असं वाटावं. सगळे तिला चिमटा म्हणत. लहानपणी कुणाच्या बोटात कुसळ गेलं की अख्खी गल्ली तिच्याकडे यायची. दुखू न देता ते ती अलगद उपसून काढायची. पुढे विम्याचे खोटे दावे शोधायच्या नोकरीत ती मुरली, मग तपासाचं स्वतःचं ऑफिस थाटलं, पण नाव तेच राहिलं. तोंडावर ताई, पाठीमागे चिमटा. तिला दोन्ही चालत.

"ओठांतलं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "लिपस्टिक लावली की माझ्या दातांनाच लागते. तेव्हा पहिलीतल्या मुलीला सांगाल तसं सांगा."

डॉक्टरांनी खणातून एक चपटं खोकं काढलं. आत काचेची बारीक सिरिंज, तिच्यात पाण्यासारखं स्वच्छ जेल.

"लोकांना वाटतं, आम्ही ओठ फुगवतो. फुग्यासारखे. तसं नसतं. आपल्या त्वचेत मुळातच जो पदार्थ असतो, त्याच जातीचं हे जेल. आधी दाढ काढताना देतात तसं इंजेक्शन देऊन ओठ सुन्न करायचे. मग बारीक सुईने थोडं थोडं भरायचं. दोन-तीन दिवस सूज राहते, तेव्हा आरशात बघून सगळ्या बायका मला शिव्या घालतात. सूज उतरली की आकार बसतो. पुढे शरीरच ते हळूहळू पचवून टाकतं. कुणाचं सहा महिने टिकतं, कुणाचं वर्षभर."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर विरघळवणारं औषध टोचायचं. एक-दोन दिवसांत ओठ होते तसे. पण ते औषध आम्ही हौसेसाठी ठेवत नाही, ताई. क्वचित कधी जेल रक्तवाहिनीत शिरतं आणि रक्त अडतं. ओठ पांढराफटक पडतो, मग जांभळा. ते औषध लगेच मिळालं तर सगळं निभावतं. उशीर झाला तर तेवढं मांस मरतं."

त्यांनी सिरिंज परत खोक्यात ठेवली. बोटं स्थिर होती, आवाज तेवढा नव्हता.

आठवड्यापूर्वीच्या एका दुपारी तेच झालं होतं. पेशंट एक शिक्षिका. सुई बाहेर आली आणि वरच्या ओठाची डावी बाजू खडूसारखी पांढरी झाली. डॉक्टरांनी औषध मागितलं, सिस्टरने फ्रिजमधून आणलं, डॉक्टरांनी टोचलं. काही फरक नाही. दुसरी बाटली, तिसरी बाटली. पांढऱ्याचं निळं झालं. शेवटी बाहेरून आणलेलं औषध दिलं तेव्हा कुठे रंग परतू लागला. तोवर ओठाच्या कडेचा एक तुकडा हातचा गेला होता.

"शिक्षिकेने तक्रार केलीय. बरोबरच केलं तिने," डॉक्टर म्हणाल्या. "मी सिस्टरला घरी बसवलंय."

"का?"

"औषधं तिच्या ताब्यात. शिवाय एका नव्या क्लिनिकने तिला बोलावणं धाडलंय, हे मला दुसऱ्याकडून कळलं. जाण्याआधी आमचं नाव खराब करायचं ठरवलं असेल तर?"

"फ्रिजची किल्ली आणखी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. आणि भाऊजींकडे. माझा धाकटा दीर, इथलाच दुसरा डॉक्टर." डॉक्टरांनी हात वर केला. "त्यांना यातून वगळा. बाहेरचं औषध त्यांनीच आणलं. ते धावले नसते तर त्या बाईचा अर्धा ओठ गेला असता."

चिमट्याने पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले. "वगळायचं कुणाला, ते मी शेवटी ठरवते," ती म्हणाली. "आधी नाही."

२

शिक्षिका कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होती. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. प्रत्येक बाकासमोर छोटा आरसा बसवलेला, फळ्याशेजारी तोंडांची मोठमोठी चित्रं. तिच्या वरच्या ओठावर डाव्या कडेला काळपट खपली होती. बोलताना ती तिथे रुमाल धरायची, मग आठवण झाल्यासारखी रुमाल खाली घ्यायची.

"तुम्हाला वाटत असेल, हिला कशाला हवी होती ही थेरं," ती म्हणाली.

"मला अजून काहीच वाटत नाहीये. सांगाल तेव्हा वाटेल."

शिक्षिका हसली आणि हसताना कळवळली. "माझा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. लहानपणी शिवला. टाक्यांच्या जागी खाच राहिली. लोकांसाठी मी कधीच लपवली नाही. पण माझी मुलं माझे ओठ बघून भाषा शिकतात. ती खाच होती तिथे माझे ओठ नीट मिटायचे नाहीत. मी ‘प’ म्हणायची आणि मुलं हुबेहूब माझ्यासारखा वाकडा ‘प’ म्हणायची. वर्षानुवर्षं मी मुलांना माझं व्यंग शिकवत आलेय, असं एक दिवस लक्षात आलं. मोठ्या डॉक्टरांनी दोन बैठका फक्त समजावण्यात घालवल्या. काय होऊ शकतं, काय नाही. हा धोकाही सांगितला होता. माझी तक्रार धोक्याबद्दल नाही, ताई. पाण्याबद्दल आहे."

"दुखलं फार?"

"सुरुवातीला काहीच नाही. ओठ सुन्न केले की तोंड आपलं राहतच नाही. मी गंमत म्हणून आरशात बोलून बघितलं, धंद्याची सवय! प, फ, ब, भ, म सगळे सुट्टीवर. दोन ओठ टेकल्याशिवाय ही अक्षरं उमटत नाहीत, आणि टेकलेत की नाही तेच कळत नव्हतं. सिस्टरकडे ‘पाणी’ मागितलं तर ‘फाणी’ बाहेर पडलं. आम्ही दोघी खूप हसलो." ती थांबली. "मग डॉक्टरांचा चेहरा बदलला."

"त्या वेळी खोलीत कोण कोण होतं?"

"डॉक्टर, सिस्टर. गडबड ऐकून शेजारच्या खोलीतून धाकटे डॉक्टर आले. त्यांना मी कधी विसरणार नाही. सिस्टर अजून पहिली बाटली सिरिंजमध्ये ओढत होत्या, सुई माझ्या ओठाला लागलीही नव्हती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या बाटलीकडे, आणि म्हणाले, ‘वहिनी, मी हॉस्पिटलमधून आणखी औषध घेऊन येतो.’ गेलेसुद्धा. किती तत्पर माणूस!"

"फार," चिमटा म्हणाली. तिची नजर समोरच्या एका आरशावर खिळली होती.

घंटा झाली. ती कुणाला ऐकू येणार नव्हती म्हणून वर्गातला दिवाही लुकलुकला. मुलं आत घुसली आणि शिक्षिकेने रुमाल पर्समध्ये ठेवून दिला.

३

सिस्टरच्या घरी इस्त्रीचा वास होता. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर घोंगडी पसरून गणवेशाला इस्त्री करत होती, जणू उद्या ड्युटी आहे.

"तुम्ही विचारालच, म्हणून आधीच सांगते," ती म्हणाली. "हो, मला दुसरीकडून बोलावणं होतं. मी नाही म्हणाले. बाईंना सांगितलं नाही, कारण त्याची फुशारकी मारायला नको म्हटलं. आता बघा, चांगुलपणा कसा अंगाशी आला."

"बाटल्यांचं सांगा."

सिस्टरने इस्त्री उभी केली. "बाटलीच्या तोंडावर रबर असतं, त्यावर प्लास्टिकची टोपी. नवी बाटली म्हटली की टोपी असायलाच हवी. मी फ्रिजमधून काढल्या तेव्हा तिघींवरही टोप्या नव्हत्या. मला वाटलं, कधीकाळी घाई झाली तर वेळ जायला नको म्हणून बाईंनीच काढून ठेवल्यात. नंतर कळलं, बाईंना वाटलं मी काढल्या. दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला, आणि तिथेच घात झाला."

"म्हणजे त्या आधीच उघडल्या होत्या. कधी?"

"त्या आठवड्याच्या सुरुवातीला मी फ्रिज पुसला, तेव्हा टोप्या होत्या. हे मी शपथेवर सांगेन. बाईंनाही सांगितलं. पण रागाच्या भरात माणसाला ऐकू कुठे येतं?"

"त्या दिवसांत फ्रिजजवळ कोण गेलं?"

"औषध कंपनीचा बॅगवाला आला होता. पाहुण्यासारखा सगळीकडे फिरतो. नवीन जेल खपवायच्या मागे आहे, बाई त्याला उभं करत नाहीत. आदल्या संध्याकाळी मी नव्हते. बाई व्याख्यानाला गेल्या होत्या, दवाखाना लवकर बंद झाला. धाकटे डॉक्टर आणि रिसेप्शनची मुलगी बंद करणार होते."

"ती मुलगी दुसऱ्या दिवशी होती?"

"नव्हती ना! म्हणून तर मी एका हाताने फोन घेत होते आणि दुसऱ्याने ट्रे धरत होते." सिस्टरला एकदम हसू आलं. "आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणते कशी, ‘सिस्टर, वाचीला ताफ आलाय, वी उद्या येत नाही.’ मी म्हटलं, कोण वाची? तर भाची! भाचीला ताप. म्हटलं, बये, आधी तोंडातला घास गिळ आणि मग बोल. तर रडायलाच लागली. मलाच वाईट वाटलं."

चिमटा हसली नाही. तिने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"सिस्टर, तो गणवेश कपाटात ठेवू नका," ती म्हणाली. "लागेल."

४

दवाखान्याच्या सोफ्यावर बॅगवाला बसला होता. चेहऱ्यावर चोवीस तासांचं हसू.

"आमच्या कंपनीचा यात काही संबंध नाही," विचारायच्या आतच त्याने सांगितलं. "आमचं विरघळवणारं औषध नाहीच. आम्ही फक्त जेल देतो. स्वस्त आणि मस्त."

"मोठ्या डॉक्टर घेतात?"

"त्यांना जुनंच हवं. अजून कुणी वापरलेलं नाही म्हणतात. आता कुणीच वापरलं नाही तर कुणी वापरलेलं असणार कसं, सांगा!"

"मग नमुने फुकट देत असाल."

बॅगवाल्याचं हसू जरा आखडलं. "देतो एखाद-दुसरा."

"इथे कुणाला दिलात?"

"ताई, आमच्या धंद्यात असं सांगत नसतात." त्याने बॅग उचलली आणि फोन वाजल्याचा बहाणा करत काढता पाय घेतला. फोन वाजला नव्हता.

रिसेप्शनच्या काउंटरमागे दवाखान्यातल्या सगळ्यांचा फोटो लावला होता. नव्या बोर्डाच्या उद्घाटनाचा. दारावरच्या त्या बोर्डाला अजूनही चिकटपट्टीचे तुकडे लागलेले होते, इतका ताजा. मोठ्या डॉक्टर मध्ये, एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला धाकटे डॉक्टर, आणि पुढे रिसेप्शनिस्ट, ओठ भरलेले, रेखीव, जाहिरातीत शोभावेत असे. प्रत्यक्षातली रिसेप्शनिस्ट मास्क लावून बसली होती.

"सर्दी झालीय, म्हणून मास्क. पेशंटना बाधायला नको," ती म्हणाली. म, प, ब आता सगळे जागेवर होते.

"भाची बरी आहे?"

"कोण?" मुलगी क्षणभर गोंधळली. "हो, हो. बरी आहे."

तेवढ्यात धाकटे डॉक्टर बाहेर आले. उंच, देखणा, बोलण्यात लाघवी माणूस. त्यांनी चिमट्याला आत बसवलं, स्वतः पाण्याचा ग्लास भरून दिला.

"सिस्टर वाईट नाहीत," ते म्हणाले. "चूक झाली असेल. रिकाम्या बाटल्या सिरिंज धुवायला वापरल्या असतील आणि चुकून परत फ्रिजमध्ये गेल्या असतील. वहिनींना मी हेच सांगतोय, फार ताणू नका."

"तुम्ही मात्र वेळेवर धावलात."

"धावायलाच हवं होतं. वहिनींनी औषध दिलं, ओठावर काहीच फरक नाही. चाललं नाही म्हटल्यावर मी गाडी काढली."

"चाललं नाही म्हटल्यावर," चिमट्याने शब्द उचलले.

"हो. मग काय बसून राहायचं?"

"छे, कोण बसेल?" चिमट्याने पाणी संपवलं. ग्लास टेबलावर ठेवताना तिला मनातल्या मनात बरं वाटत होतं. कुसळाचं टोक हाताला लागलं होतं. आता ते मध्येच मोडू द्यायचं नव्हतं.

५

दवाखान्याच्या मागच्या बाजूला, वातानुकूलन यंत्रांच्या घरघरीत, रिसेप्शनिस्ट डबा खायला बसायची. एकटीच. मास्क हनुवटीखाली ओढून तिने पहिला घास घेतला आणि समोर चिमटा उभी.

मुलीने मास्क वर ओढला, पण तोवर बघायचं ते बघून झालं होतं. ओठ पातळ होते, अगदी साधे, कुणाच्याही असावेत असे. लिपस्टिकची रेघ मूळ कडेच्या बाहेरून काढली होती. आणि रेघेच्या वर, मेकअपखाली, विरत चाललेले पिवळट डाग. सुई टोचल्याचे.

चिमटा शेजारच्या पायरीवर बसली. "खा तू. मी बोलते."

मुलगी खात नव्हती.

"फोटोत तुझे ओठ भरलेले आहेत. आता नाहीत."

"त्याचा असर उतरला," मुलगी पुटपुटली. "उतरतो."

"उतरतो, पण हळूहळू. अंगाचा साबण झिजतो तसा. दाराच्या बोर्डाची चिकटपट्टी निघायच्या आत नाही." चिमट्याचा आवाज मऊ होता. "ते कुणीतरी विरघळवलंय. आणि विरघळवायचं औषध या इमारतीत एकाच फ्रिजमध्ये होतं."

मुलीच्या हातातला घास डब्यात पडला.

"मी चोरलं नाही."

"माहीत आहे. तुला किल्ली कोण देणार? आणि स्वतःच्या ओठात सुया टोचणं कुणाला जमतं? फोनवर तुझी ‘वाची’ झाली, ‘ताफ’ झाला. तुझे ओठ त्या वेळी सुन्न होते. कुणीतरी नीट इंजेक्शन देऊन सुन्न केले होते. ते करणाऱ्या मोठ्या डॉक्टर नव्हत्या, कारण त्या व्याख्यानाला गेल्या होत्या."

मुलगी रडू लागली. पण रडताना ती ताठ बसली होती, आणि चिमट्याला ते आवडलं.

"ते म्हणाले, नवीन जेल आहे, आधी कुणावर तरी करून बघायला हवं, तुला फुकट करतो," ती म्हणाली. "मला खरंच हवं होतं. इथे येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या तोंडाकडे बघते. सुरुवातीला छान दिसलं. मग गाठी झाल्या. खड्यांसारख्या. दुखायला लागलं, ओठ तापायचे. मी म्हटलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवूया. ते म्हणाले, वहिनींना कळलं तर तुझीही नोकरी जाईल. त्या संध्याकाळी त्यांनी तिन्ही बाटल्या माझ्यासाठी वापरल्या. म्हणाले, उद्या नवीन आणून ठेवतो, कुणाला कळणारही नाही."

"आणि उद्या उजाडलं."

"मला दोन दिवसांनी कळलं, त्या बाईंचं काय झालं ते." तिने डोळे पुसले. "तेव्हापासून मला जेवण जात नाही. सिस्टरना काढलं तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"अजून उशीर झालेला नाही," चिमटा म्हणाली. "आज संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावतेय. तू बोललीस तर मला कमी बोलावं लागेल."

६

उपचाराच्या खोलीत मोठ्या डॉक्टर, धाकटे डॉक्टर, रिसेप्शनिस्ट आणि इस्त्रीचा गणवेश घातलेली सिस्टर. तिला बघून मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली, पण त्या काही म्हणाल्या नाहीत.

"मी एकच प्रश्न घेऊन फिरले," चिमटा म्हणाली. "बाटलीत पाणी आहे, हे पहिल्यांदा कुणाला कळलं?"

"मला," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "तीनदा टोचूनही ओठ तसाच, तेव्हा शंका आली. नंतर अहवाल आला."

"तुमच्या आधी एकाला ठाऊक होतं. शिक्षिकाबाई त्याचं कौतुक करत होत्या. सिस्टर पहिली बाटली ओढत होत्या, सुई ओठाला लागलेली नव्हती, आणि हा माणूस दुसरं औषध आणायला निघालासुद्धा. सिस्टर, खरं का?"

"खरं," सिस्टर म्हणाली. मग तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. "अगं बाई! मी वाटेतून बाजूला झाले, त्यांना जाऊ दिलं. आणि माझ्या हातात बाटली तशीच होती."

"डॉक्टरसाहेब मला म्हणाले, औषध चाललं नाही म्हटल्यावर गाडी काढली. पण तेव्हा ते दिलंच नव्हतं. फ्रिजमध्ये तीन भरलेल्या बाटल्या दिसत असताना आणखी औषध आणायला कोण धावतं? आत औषध नाही, हे ज्याला माहीत आहे तो."

धाकट्या डॉक्टरांनी हसून बघितलं, पण ते हसू जमलं नाही. "यावरून तुम्ही..."

"मला गाठी झाल्या होत्या," रिसेप्शनिस्ट म्हणाली. तिने मास्क काढून टाकला. "तुम्ही त्या विरघळवल्यात. तिन्ही बाटल्या लागल्या."

मोठ्या डॉक्टर तिच्यापाशी गेल्या. एका बोटाने तिची हनुवटी वर केली, दिव्याखाली ओठ बघितला, कडेचे पिवळट डाग बघितले. बराच वेळ त्या डॉक्टरच राहिल्या. मग वळल्या तेव्हा त्या वहिनी होत्या.

"पाणी भरून का ठेवलंत?"

"तुम्ही फ्रिज उघडलात तर रिकाम्या दिसल्या असत्या," धाकटे डॉक्टर म्हणाले. आवाज पार उतरला होता. "एका दिवसाचाच प्रश्न होता, वहिनी. दुसऱ्या दिवशी मी आणणार होतो. आणि त्याच दुपारी... मी पळालोच ना लगेच? जीव तोडून गाडी चालवली."

"भर गर्दीत जायचं आणि यायचं," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही त्या वेळी एवढंच म्हणाला असतात, ‘वहिनी, त्या बाटल्यांत पाणी आहे’, तर मी पेशंटलाच उचलून गाडीत घातलं असतं. यायचा वेळ वाचला असता. निम्मा वेळ, भाऊजी. तेवढ्याने तो तुकडा जगला असता."

धाकट्या डॉक्टरांनी खिशातून फ्रिजची किल्ली काढून ट्रेमध्ये ठेवली.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात. माझीच पुस्तकं वाचून डॉक्टर झालात. त्या पुस्तकांत मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या, पेशंटशी खोटं बोलू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही का?" त्या सिस्टरकडे वळल्या. "आणि मी तुम्हाला चोर म्हटलं. कसं भरून काढू, सांगा."

"उद्यापासून येते," सिस्टर म्हणाली. "पण माझं म्हणणं पूर्ण ऐकल्याशिवाय मला पुन्हा कधी घरी पाठवायचं नाही."

मोठ्या डॉक्टरांनी फोन उचलला. आधी त्यांनी शिक्षिकेचा नंबर फिरवला, नंतर वैद्यकीय परिषदेचा. दोन्ही वेळा दिराचं नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने घेतलं.

७

परिषदेने धाकट्या डॉक्टरांचा परवाना रोखला. बॅगवाल्याच्या कंपनीचं जेल बाजारातून उचललं गेलं. मोठ्या डॉक्टरांच्या सासूबाईंनी मोठ्या सुनेशी बोलणं टाकलं, आणि नवऱ्याने मध्ये पडायचं नाही असं ठरवलं. म्हणजे घरात कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. चिमट्याला हे सगळं सिस्टरकडून कळत राही.

कितीतरी महिन्यांनी शिक्षिकेचा फोन आला.

"ताई, मी पुन्हा करून घेतेय. तिथेच. तुम्ही याल का सोबत? माझ्यासाठी नव्हे, डॉक्टरांसाठी. त्या मला तिसऱ्यांदा सांगतायत की शहरात त्यांच्याहून चांगले डॉक्टर आहेत."

चिमटा गेली. शिक्षिका खुर्चीवर निवांत आडवी झाली होती. जखम भरून तिथे एक बारीक पांढरी रेघ राहिली होती. मोठ्या डॉक्टर मात्र सिरिंज हातात घेऊन उभ्याच्या उभ्या.

"बाई, वेळ जातोय," सिस्टर हळूच म्हणाली.

"मी त्या दिवसापासून ओठाला हात लावलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी सगळं करते. ओठ नाही. तुम्हाला मी पुन्हा सगळे धोके सांगितलेत..."

"दोनदा," शिक्षिका म्हणाली. "ते मला पाठ आहेत. आता माझं ऐका. माझ्या वर्गात एखादं मूल एकदा चुकलं की तोंड उघडायलाच घाबरतं. त्याला मी गप्प बसू देत नाही. कारण ते एकदा गप्प बसलं की कायमचं बसतं. मला दुसरा डॉक्टर शोधता येईल हो. तुम्हाला दुसरे हात कुठून मिळतील?"

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. सुई थांबत थांबत सरकली, इतकी हळू की चिमट्याचीच मान अवघडली. प्रत्येक थेंबानंतर डॉक्टर बोटाने ओठ दाबत आणि हात काढत. दाबलं की ओठ पांढरा व्हायचा, सोडलं की गुलाबी. पांढरा, गुलाबी. शेवटच्या वेळी त्यांनी जरा जास्तच वेळ बघितलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

सिस्टरने आरसा पुढे केला. शिक्षिकेने तो हाताने बाजूला सारला.

"सूज उतरल्यावर बघेन," ती सुन्न तोंडाने, पण प्रत्येक शब्द जमेल तेवढा स्पष्ट करत म्हणाली. "आधी तुम्ही खाली बसा, डॉक्टर. केव्हाच्या उभ्या आहात."